घराभोवतीची बाग शांत हवी असेल तर या चुका टाळा

पुण्यासारख्या शहरात रस्त्यालगतच्या बंगल्याभोवती बाग करणाऱ्या बहुतेकांची एकच इच्छा असते की, संध्याकाळी चहाचा कप घेऊन निवांत बसावे आणि रहदारी कानावर येऊ नये. इच्छा रास्त आहे. परंतु तिच्यापोटी होणारी एकच चूक मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे, ती म्हणजे झाडांची एक रांग लावली की आवाज अडतो, ही समजूत.

एका गृहस्थांनी रस्त्याकडेचे जुने दगडी कुंपण पाडून तेथे लोखंडी जाळी बसवली आणि तिला लागून खोट्या अशोकाची चौदा रोपे लावली. काही वर्षांत झाडे उंच झाली, पडदा हिरवागार दिसू लागला, आणि आवाज मात्र पूर्वीपेक्षा वाढला. मी त्यांच्या बाकावर बसून पाहिले, तेव्हा माळ्याने खालच्या फांद्या छाटलेल्या असल्यामुळे बुंध्यांमधून बसची चाके स्पष्ट दिसत होती. पानांमधून वारा जातो तसा आवाजही जातो. त्याला अडवायला वजन लागते आणि सलगपणा लागतो. शंभर फूट रुंदीची घनदाट झाडी असेल तर आवाज पाचेक डेसिबलने उतरतो, पण आपल्या अंगणात तेवढी जागा कुठली? अखेर तेथे सहा फुटी विटांची भिंत उभी राहिली, फाटक भरीव केले, त्याखालची चार बोटांची फट रबरी पट्टीने बुजवली आणि बाक भिंतीच्या अगदी जवळ आणला. बस अजूनही ऐकू येते, पण बोलताना आवाज चढवावा लागत नाही. माझी सवय अशी आहे की, रोपांची यादी करण्यापूर्वी मी बसण्याच्या जागी बसतो. तेथून वाहन दिसत असेल, तर आधी भिंतीचा विचार करतो.

दुसरी चूक कारंज्याची. उरलेला आवाज पाण्याने झाकावा ही कल्पना उत्तम आहे, पण लोक मोठे कारंजे आणून बागेच्या टोकाला ठेवतात आणि आवाजात आवाजाची भर घालतात. पाणी बसणाऱ्यापासून दोन हातांवर असावे, वीतभर उंचीवरून खडबडीत दगडावर ओघळावे, एवढे पुरते. एका घरी टाके शयनगृहाच्या भिंतीला टेकवून बांधले होते आणि पंप थेट त्याच्या तळावर ठेवला होता. त्याची घरघर भिंतीतून उशीपर्यंत पोहोचत असे. सायकलच्या जुन्या ट्यूबची चौपदरी घडी पंपाखाली सरकवली, ताठ नळीऐवजी मऊ नळी जोडली, आणि बराचसा त्रास गेला. उन्हाळ्यात पाणी आटून पंप हवा ओढू लागला की तो गुरगुरतो, म्हणून मी रोज सकाळी पातळी पाहतो. डासांसाठी पाण्यात गप्पी मासे सोडावेत. रात्री दहानंतर निवासी भागात 45 डेसिबलची मर्यादा असते. त्या वेळी कारंजे बंदच असावे.

बांबूचे बेट खिडकीला खेटून लावू नये, कारण वाऱ्यात काठ्या एकमेकींवर घासून रात्रभर करकरतात. पायवाटेवर सुटी खडी पसरू नये. बैठकीवर पत्रा घालू नये, कारण पहिल्याच पावसात तेथे बोलणे अशक्य होते. पाला गोळा करायला यंत्र आणू नये. खराटा पुरेसा आहे.

उतावळेपणाचा मला सर्वाधिक त्रास होतो तो वेलींच्या बाबतीत. नव्या भिंतीवर फायकसची वेल सोडली की पहिल्या पावसाळ्यात ती जेमतेम हातभर चढते, आणि दिवाळीपर्यंत लोक ती उपटून तिच्या जागी प्लास्टिकची हिरवळ ठोकतात. ती वेल तशीच राहू द्यावी, मुळाशी ओल टिकवावी; दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात ती भिंत स्वतःहून झाकू लागते.