वॉशचे डाग पडू नयेत म्हणून, आणि पडल्यावर

मी ठाण्यात राहते आणि सैनिकांच्या छोट्या फिगर (मिनिएचर) रंगवते. पावसाळ्यातल्या दमट हवेत वॉश, म्हणजे घड्यांमध्ये सावली आणणारा पातळ रंग, सुकायला फार वेळ घेतो, आणि घोळ नेमका त्याच वेळात होतो. २८ मिमीच्या सैनिकाच्या झग्यावर न्युल्न ऑइल किंवा ॲग्रॅक्स अर्थशेड यांसारखा तयार वॉश लावला की सपाट भागावर गडद कडांची वर्तुळं उमटतात. थेंब कडेने आधी सुकतो आणि रंगद्रव्य तिकडे ओढलं जातं; सांडलेल्या चहाचा डाग असाच पडतो.

म्हणून अख्खी फिगर एकदम भिजवू नका. एकच भाग घ्या, वॉश घड्यांमध्ये सोडा आणि ओला असतानाच, धुऊन टिपलेल्या दुसऱ्या ब्रशने साचलेला जादा वॉश शोषून घ्या. तो दुसरा ब्रश आधीपासून हातात हवाच. पातळ करायला नुसतं पाणी नको, मॅट मिडियम (रंगद्रव्य नसलेलं, चमक न येणारं पातळ माध्यम) घाला. पाण्याने कडा आणखी ठळक होतात.

अर्धवट सुकलेल्या वॉशला मात्र अजिबात हात लावू नका, थर फाटतो. पूर्ण सुकल्यावर वॉशखालचा मूळ रंगच पातळ करून उंचवट्यांवर आणि सपाट जागी दोन हलके हात द्या. मला ही दुरुस्ती सगळ्यात भरवशाची वाटते.

वॉश पसरण्याऐवजी थेंब धरत असेल तर बहुधा बोटांचं तेल लागलेलं असतं. फिगर कॉर्कवर चिकटवून रंगवा.

सुकल्यावर नको तिथे चमक राहिली तर मॅट वार्निश द्या, पण ब्रशने. दमट हवेत स्प्रे मारला तर पांढुरकी झाक येते.