गृहीतकाचे प्रश्न चुकतायत? मग वाक्य उलटं करून बघा

सीसॅटचा, म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या पूर्वमधल्या कल चाचणीच्या पेपरचा, उतारा समजायचा, निष्कर्षाचे प्रश्नही बरे सुटायचे, पण 'वरील विधानात कोणतं गृहीतक आहे' असं आलं की माझी गाडी अडलीच. कारण मी पर्याय वाचायचो आणि हे खरं वाटतंय ना, मग मार टिक. अरे पण खरं-खोटं विचारलंय कुठे? बोलणारा तोंडाने न बोलता काय धरून चाललाय एवढंच विचारलंय.

समजा नगरपालिकेची सूचना आहे: 'उद्या पाणी येणार नाही, नागरिकांनी आजच पाणी भरून ठेवावं.' पर्याय एक, आज पाणी येणार आहे. पर्याय दोन, सगळे लोक पाणी भरून ठेवतील. आता पहिला उलटा करा, आज पण नळ कोरडाच. मग भरायचं काय, डोंबल? सूचनेचा अर्थच गेला, म्हणजे हे गृहीतक. दुसरा उलटा करा, काही जण भरणार नाहीत. नाही भरलं तर नाही, सूचना जागेवरच आहे, म्हणजे हे गृहीतक नाही.

इथे एक गोची आहे आणि मी बरेच दिवस त्यातच फसलो. 'सगळे भरतील' याचं उलट 'कोणीच भरणार नाही' असं नसतं, 'सगळे भरतीलच असं नाही' असं असतं. तुम्ही थेट 'कोणीच नाही'वर उडी मारली तर सूचना फुकट गेल्यासारखी वाटते आणि चुकीचा पर्याय टिक होतो.

युक्तिवाद असेल तर उलटं करायच्या आधी शब्द बघायचे. 'सीसीटीव्ही लावल्यापासून चोरीच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, म्हणजे कॅमेऱ्यांमुळे चोऱ्या कमी झाल्या.' पुरावा तक्रारींचा दिलाय आणि निष्कर्ष चोऱ्यांचा काढलाय, शब्द हळूच बदलला बघा! तक्रारी कमी म्हणजे चोऱ्या कमी, हे धरून चाललाय, पण लोकांनी कंटाळून चौकीवर जाणंच सोडलं असेल तर? आणि त्याच महिन्यात रात्रीची गस्त वाढली असेल तर श्रेय कॅमेऱ्याला कसं? म्हणजे दुसरं कारण नाही हेही धरलेलं आहे. पुराव्यात जो शब्द नाही आणि निष्कर्षात अचानक उगवतो त्याखाली पेन्सिलने रेघ मारा, बहुतेक वेळा गृहीतक तिथेच लपलेलं असतं.

मराठीतून पेपर देणाऱ्यांनी 'च' वर पण डोळा ठेवा. 'कॅमेऱ्यांमुळे चोऱ्या कमी होऊ शकतात' आणि 'कॅमेऱ्यांमुळेच होऊ शकतात' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसऱ्यात बाकी सगळे उपाय बाद झाले. फक्त, नेहमी, कधीच नाही यांचं पण तेच. पण असा शब्द दिसला की डोळे झाकून पर्याय उडवू नका, मूळ विधानातच तसा जोर असेल तर तो लागतो.

एमपीएससी राज्यसेवा पूर्वच्या सीसॅट पेपरला 200 पैकी 66 मार्क पुरतात, पण चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कापला जातो, म्हणून एका प्रश्नात दीड-दोन मिनिटांत पर्याय उलटून बघून काहीच हललं नाही तर मी सरळ पुढे जातो.

ही जाहिरात करून बघा: 'आमच्या क्लासचे 50 जण पास झाले, तुम्हीही आजच प्रवेश घ्या.' मला तीन गृहीतकं सापडली, तुमची कमेंटमध्ये टाका.