मृगाआधी ऐरणीची तयारी

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते आणि त्याआधीचे तीन-चार आठवडे कोकणातल्या लोहाराला मान वर करायला फुरसत नसते. कोयते, कुदळी, पहारी, खुरपी, नांगराचे फाळ असे सारे एकदम येऊन पडते आणि प्रत्येकाला आपले काम आधी हवे असते. म्हणून ऐरणीची तपासणी वैशाख लागताच उरकून घ्यावी. भाता फाटला तर शिवता येतो, हातोड्याचा दांडा मोडला तर दुसरा बसवता येतो. पण ऐरणीतला दोष तिच्यावर घडणाऱ्या प्रत्येक वस्तूत उतरतो. माथ्यावर हरभऱ्याएवढा खळगा असला, तर त्यावर ठोकलेल्या तापल्या पात्यावर तेवढाच उंचवटा उठतो आणि तो कानशीने घालवण्यात दिवस जातो.

सुरुवात माथ्यापासून करावी. खाऱ्या वाऱ्याने चढलेला गंज तारेच्या ब्रशाने आणि घासलेटने काढून माथा कोरडा पुसावा, मग त्यावर पोलादी पट्टी उभी धरून पलीकडून उजेड पाहावा. मध्ये उजेड दिसला की तिथे माथा खोलगट झाला आहे. त्यानंतर बेअरिंगमधली पोलादी गोळी १० इंचांवरून ठिकठिकाणी सोडून पाहावी. चांगल्या ऐरणीवर ती ७ ते ८ इंच उसळते. एखाद्याच जागी ती मलूल पडली, तर तिथला कठीण थर खालच्या अंगापासून सुटला असण्याची शक्यता असते आणि त्या जागेवर घणाचे काम करू नये. बारीकसारीक खळग्यांसाठी माथा यंत्रावर घासून घेण्याचा मोह टाळावा. मी तो टाळला नाही. माथा आरशासारखा झाला खरा, पण कठीण थर पातळ झाला आणि पुढच्या काही हंगामांत पूर्वीपेक्षा खोल खळगे पडले. कामाच्या जागेबाहेरचे खळगे तसेच राहू द्यावेत. वेल्डिंगने ते भरणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण त्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचे पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कठीणपणा, उतरते.

माथ्याच्या कडा बोटाने चाचपाव्यात. नवी कड धारदार असते आणि बघायला छान वाटते, परंतु खांदा, म्हणजे जाडीतला एकदम उतरणारा टप्पा, पाडताना ती तापल्या लोखंडात चीर पाडते आणि चुकलेल्या घावाने तिचा टवकाही उडतो. म्हणून शिंगाजवळची, म्हणजे ऐरणीच्या एका टोकाला पुढे आलेल्या निमुळत्या भागाजवळची, कड कानशीने सुमारे ६ मिलिमीटर गोलाईची करावी, पुढे ती गोलाई कमी करत न्यावी आणि काटकोनी कामासाठी चार बोटे कड तीक्ष्ण ठेवावी.

माथा आणि शिंग यांच्यामध्ये जी खालची पायरी असते, तिला पाणी दिलेले नसते. ती मऊ असते आणि मुद्दाम तशी ठेवलेली असते: छिन्नीने तुकडा तोडायचा तो तिच्यावर, म्हणजे छिन्नी आरपार गेली तरी तिची धारही राहते आणि माथाही वाचतो. पायरीवरचे घाव हा दोष मानू नये. फक्त उठलेले काटे घासून काढावेत.

आपल्याकडच्या जुन्या ऐरणी बहुधा नुसत्या चौकोनी ठोकळ्याच्या असतात, त्यांना शिंग नसते, आणि अशा ऐरणीवर विळ्याचा वाक देणारे हात मी पाहिले आहेत. पण शिंग असेल तर काम सोपे होते. टोकाकडे निमुळते होत गेल्यामुळे त्यावर करंगळीएवढ्या कडीपासून होडीच्या दोराच्या मोठ्या कडीपर्यंत हवी ती गोलाई मिळते. शिंगावर थेट हातोडा मारू नये. पडलेल्या खुणा कानशीने लांबीच्या दिशेने घासाव्यात.

टाचेकडची, म्हणजे शिंगाच्या विरुद्ध टोकाकडची, दोन भोके अगत्याने पाहावीत. चौकोनी भोकात उभी छिन्नी, वाकवणीचा काटा, गोल खाच पाडण्याचे अवजार असे काही ना काही बसते. त्यांचे दांडे हलके सरकून बसले पाहिजेत. घट्ट दांडा ठोकून बसवला तर तो पाचरीचे काम करतो आणि टाच तडकू शकते. काम झाले की उभी छिन्नी लगेच काढावी, ही सवय नव्या पोराला पहिल्याच दिवशी लावावी, कारण ती तशीच राहिली आणि हात चुकला तर बोट जाते. गोल भोक सुंब्याने भोक पाडताना लागते. तापल्या पट्टीतून सुटलेली चकती त्यातून खाली पडते. पावसाळ्यात त्यात गंजाचे खवले साचून ते बुजते, तेव्हा सळई घालून ते मोकळे करावे.

ऐरणीची कंबर (माथ्याखालचा बारीक भाग) आणि पाय यांना चीर नाही ना, एवढे हातोडीच्या हलक्या टोल्याने ऐकून घ्यावे. खणखणीत आवाजाच्या ऐरणीत अचानक बद्द आवाज आला तर शोध घ्यावा.

खालच्या लाकडी ओंडक्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि कोकणात घात तिथेच होतो. ऐन किंवा चिंचेचा ओंडका जमिनीत दोन फूट गाडलेला असतो; पावसाळाभर ओल आणि नंतर वाळवी. त्याच्या बुंध्याची माती उकरून सुरीचे टोक खुपसून पाहावे. ते सहज आत गेले तर ओंडका बदलावा, आणि नव्याच्या गाडायच्या भागाला, होडीच्या फळ्यांना लावतात तसे काजूच्या टरफलाचे तेल दोनदा लावून वाळवावे. ते तेल कातडी भाजते, त्यामुळे हातमोजे घालावेत. उभ्याने काम करणाऱ्याने सरळ उभे राहून मूठ खाली सोडावी. मुठीची पेरे माथ्याला टेकली की उंची बरोबर आहे. घणाचे काम अधिक असेल तर ऐरण थोडी खाली बसवावी. उजव्या हाताने ठोकणाऱ्याचे शिंग डावीकडे यावे आणि भट्टी एका पावलावर असावी.

सांडशा, कोळसा, पाण्याचे टाके यांची जुळवाजुळव एका सकाळी होते. रोज संध्याकाळी माथ्यावर तेलाचे बोट फिरवावे. मी त्यासाठी गाडीचे जुने इंजिन ऑइल वापरतो.

शेवटी १२ मिलिमीटरची एक सळई लाल करून माथ्यावर सपाट ठोकावी, थंड झाल्यावर उन्हात तिरकी धरून पाहावी आणि जिथे उंचवटा दिसेल तिथे माथ्यावर खडूने खूण करून ठेवावी, म्हणजे कोयत्याचे पाते त्या जागेवर जाणार नाही.