सीसीटीव्हीत उडता साप दिसला? या चुका टाळा

वळीव पडून गेला की कोल्हापुरात असली एखादी तरी क्लिप फिरते. रात्रीचा गोठा, नाहीतर रंकाळ्याकडची सुनसान गल्ली, आणि हवेतून सुळकन् जाणारी लांब पांढरी काठी. दोन्ही अंगांना झालरीसारखे पंख. खाली कुणीतरी भानामतीही जोडलेली असते.

हा ‘प्राणी’ परदेशात ‘रॉड’ म्हणून गाजला. १९९४ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत होझे एस्कामिला यांनी तो टिपल्याचा दावा केला होता. चीनच्या जिलिन प्रांतात तशाच आकृत्या दिसल्यावर लोकांनी सरळ जाळी लावली. सापडले साधे पतंग, म्हणजे उडणारे किडे.

मुख्य चूक म्हणजे व्हिडिओतली एक फ्रेम म्हणजे एक क्षण, असं धरून चालणं. अंधारात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, समजा १/२५ सेकंद. सेकंदाला दोन मीटर उडणारा किडा तेवढ्यात आठ सेंटिमीटर पुढं जातो आणि त्याची सगळी वाट एकाच चित्रात उमटते. त्यानं सेकंदाला पन्नास वेळा पंख मारले, तर त्या पट्ट्याला दोन फुगवटे येतात. तीच ती झालर!

दुसरी चूक आकाराची. लेन्सपासून वीतभर अंतरावरचा किडा मागच्या म्हशीएवढा दिसू शकतो, कारण एका कॅमेऱ्याला अंतर कळत नाही. त्यात इन्फ्रारेड दिवे लेन्सला चिकटूनच असतात, म्हणून जवळचा किडा पांढराफटक उजळतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या फोटोंतले प्रकाशगोळेही याच जातीचे. फ्लॅशपुढचा गुलाल, दुसरं काही नाही. पन्हाळ्याच्या धुक्यातही तेच.

खात्री करायचीच असेल तर आधी लेन्सवरची कोळिष्टकं काढा. कॅमेऱ्याचे दिवे बंद करून वेगळा दिवा चार-पाच फूट बाजूला लावा, म्हणजे किडे तिकडं जातील. सेटिंगमध्ये शटर १/२५० सेकंद करा. चित्र काळवंडेल, म्हणून दिवा दणकट हवा. पण काठी आखडून पुन्हा किडा दिसायला लागेल. दुसरा कॅमेरा आडव्या कोनातून लावला तर आकाराचाही निकाल लागतो.

आणि व्हॉट्सॲपवर दाबून-चेपून आलेली क्लिप तपासत बसू नका. डीव्हीआरमधली, म्हणजे सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधली, मूळ फाईल मागा. ‘ती डिलीट झाली भावा’ असं उत्तर आलं, तर तपासायला काही उरलेलं नाही.