डेमो अडखळतोय? आधी उन्हाचा दोष वगळा

सोलापुरात पारा ४० च्या वर गेला की दुपारी छोट्या स्वतंत्र टीमने बनवलेल्या साध्या टू-डी (इंडी) गेमचा डेमोही, म्हणजे खेळून पाहायचा नमुनाही, लॅपटॉपवर अडखळतो, आणि रिव्ह्यूत 'ऑप्टिमायझेशन वाईट' (म्हणजे गेम सुरळीत चालावा म्हणून नीट बांधलेला नाही) असं लिहून आपण मोकळे होतो. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. त्याचं खापर दोन-तीन जणांच्या टीमवर फोडणं अन्यायाचं आहे.

१. स्टीम या गेम स्टोअरच्या अ‍ॅपमध्ये, सेटिंग्जमधल्या 'इन गेम' विभागात जाऊन फ्रेम रेटचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा सुरू करा.

२. चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप ग्राफिक्सची ताकद आवरती घेतात. लाइट गेली तर ती चाचणी बाद.

३. लॅपटॉप टेबलावर ठेवा, मागे बाटलीची दोन बुचं लावून उचला. पलंगावर नको, सोलापुरी चादरीवर तर मुळीच नको. जाड विणीने खालची जाळी बंद होते.

४. डेमोतली एकच जागा किंवा एकच लढाई निवडा. सकाळी ६ ला आणि दुपारी ३ ला १५-१५ मिनिटं खेळा. त्याआधी डेमो पहिल्यांदाच चालवाल ती फेरी धरू नका, तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असल्याने झटके बसतात.

सकाळी ६० आणि दुपारी ३५ फ्रेम? उष्णता. दोन्ही वेळा ३५? किमान हार्डवेअरची अट आपला लॅपटॉप पुरी करत असेल तर मग खुशाल लिहा, सेटिंगसकट.

मात्र नेक्स्ट फेस्टमधले (स्टीमवरच्या आठवडाभराच्या डेमो-महोत्सवातले) बरेच डेमो आठवडा संपताच काढले जातात. दोन्ही फेऱ्या त्याआधी उरका.