स्टीलच्या पाण्याच्या टाकीचा पाया निवडताना या चुका टाळा

टाकी घ्यायची म्हटलं की प्लेटची जाडी, कोटिंग, वॉरंटी यावर तासभर चर्चा होते आणि पायाचा विषय निघाला की "टाकू की एक स्लॅब" एवढ्यात मिटतो. मग वर्षभराने टाकी कलते, खालच्या जॉईंटमधून पाणी झिरपायला लागतं आणि शिव्या खातो वेल्डिंगवाला. बिचाऱ्याचा बहुतेक वेळा काही दोष नसतो.

सुरुवातीची चूक हिशोबातलीच. समजा ६ मीटर व्यासाची आणि ५ मीटर उंच टाकी आहे, ६ मिमी प्लेट धरली तर स्टील भरेल साधारण ७ टन, आणि आतलं पाणी १४१ टन. म्हणजे पायाला टाकी नाही, पाणी पेलायचंय. आता गंमत बघा, ५ मीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५ टन, आणि एवढं ओझं बऱ्यापैकी घट्ट जमीन आरामात घेते, त्यामुळे लोकांना वाटतं माती तपासायची काय गरज. पण टाकी जमिनीत घुसेल ही भीती नसतेच मुळी, ती एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी बसते, दुखणं ते आहे. सगळीकडून सारखी दोन सेंटीमीटर बसली तर पाईप सोडून कुणाला कळणारही नाही, पण कडेचा काही भाग जागेवर आणि काही दोन सेंटीमीटर खाली गेला की शेल (म्हणजे टाकीची उभी गोल भिंत) पिळला जातो, वरचा गोल अंडाकृती होतो, आणि बोल्टची टाकी असेल तर सील सुटतात.

व्यासाचा मुद्दा तर कुणीच बघत नाही. दाब किती हे पाण्याच्या उंचीवर ठरतं, पण तो किती खोल पोचतो हे व्यासावर. ढोबळमानाने व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोलीपर्यंत माती दबते, म्हणजे वर सांगितलेल्या ६ मीटर व्यासाच्या टाकीसाठी ९ ते १२ मीटर! आणि आपण काय करतो, तर मीटरभर खड्डा घेतो, टिकाव लागत नाही म्हणून खूश. फूटभर प्लेट ठेवून केलेली लोड टेस्टही जेमतेम दोन फुटांपर्यंतची माती सांगते, खाली मऊ चिकणमातीचा थर असेल तर त्याचा पत्ताच लागत नाही. टाकी मोठी असेल तर बोअर घेऊनच माती बघा, यावर मी वाद घालणार नाही.

आणि उतारावरची जागा. अर्धी खोदायची, निघालेली माती दुसऱ्या अर्ध्यावर टाकायची, वरून लेव्हल करून टाकी बसवायची, दिसायला एकदम झकास. पण एक बाजू मूळ जमिनीवर आणि दुसरी भरावावर, ती भरावाकडे कलणारच. अख्खी टाकी कापलेल्या जमिनीवर घ्या, नाहीतर तेवढी पूर्ण जागा खोदून सारख्या जाडीचा भराव १५-२० सेंमीच्या थरांनी पाणी मारून दाबा. काळी फुगणारी माती असेल तर ती काढायचीच, तीच परत दाबून भरण्यात अर्थ नाही.

आता स्लॅब का रिंगवॉल (टाकीच्या कडेखालची गोल भिंत) का नुसता खडीचा पॅड? चांगल्या जमिनीवर बुटक्या रुंद टाकीला नीट दाबलेला खडीचा पॅड पुरतो. शेल उंच आणि जड असेल तर कडेखाली काँक्रीटची रिंगवॉल हवी, कारण शेलचं आणि छताचं वजन त्या एका रेषेवर येतं. रिंगवॉलमध्ये गोल फिरणारं स्टील कमी करू नका, आतला भराव तिला बाहेर ढकलत असतो. शिवाय रोलर भिंतीला चिकटून चालत नाही, मग तिथली पट्टी पोकळ राहते आणि बॉटम प्लेट नेमकी भिंतीलगत खचते, तेवढी जागा छोट्या कॉम्पॅक्टरने वेगळी दाबून घ्या. लहान व्यासाच्या उंच टाकीला पूर्ण स्लॅब बरा. रिकामी टाकी वाऱ्याला हलकी असते, ती धरायला अँकर बोल्ट लागतात आणि बोल्ट काही खडीत पकडत नाहीत. पण मऊ जमिनीवर स्लॅब जाड केला म्हणजे झालं हा निव्वळ गैरसमज, स्लॅब टाकीला घेऊनच खाली जातो. तिथे माती बदला नाहीतर पाईल (जमिनीत खोल घातलेले खांब) घ्या.

बॉटम प्लेटखाली खारी वाळू किंवा मातीची ढेकळं नकोत. ढेकूळ चिकटलेल्या जागी प्लेटला खड्डे पडतात, आणि खालून गंज खाल्लेला वरून दिसत नाही. पायाची वरची पातळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंमी वर, आणि ओव्हरफ्लोचं पाणी लांब न्या, पायाशी सांडणारा ओव्हरफ्लो स्वतःच्याच टाकीखालची माती धुऊन नेतो.

नवीन टाकी एकदम भरू नका. पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशी भरा आणि दर टप्प्याला कडेच्या आठ ठिकाणी लेव्हल घेऊन लिहून ठेवा. आकडे सगळीकडे सारखे वाढत असतील तर ठीक, एकच बाजू पळत असेल तर तिथेच भरणं थांबवा. पाईप या चाचणीनंतर जोडा आणि मध्ये लवचिक जॉईंट द्या.

आधीच कललेली टाकी असेल तर आधी गळती आणि ओव्हरफ्लोचं सांडणारं पाणी बघा, बऱ्याचदा कारण तेच निघतं. ते बंद न करता कडेला काँक्रीट ओतलं तर काही उपयोग नाही. तडा गेलेल्या जॉईंटवर पुन्हा पुन्हा वेल्डिंग मारणंही तसंच, पिळ आहे तोवर तो शेजारी फाटणार. टाकी रिकामी करून, पाईप सोडवून, जॅकने थोडी थोडी सगळीकडून उचलायची आणि खाली ग्राउट (पातळ सिमेंटचं मिश्रण) भरायचा. पाईप तसेच ठेवून उचलायला गेलात तर नोझल (टाकीला पाईप जोडायचं तोंड) प्लेटसकट उपटून येतो.