बँकेच्या ई-लिलावाची सूचना कशी वाचावी : बोली लावण्यापूर्वी समजून घ्यायचे शब्द

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेल्या ‘ई-लिलाव विक्री सूचने’वरून बहुतेकांची नजर घसरून जाते. घर, गाळा किंवा बिनशेती भूखंड घेण्याच्या विचारात असलेला माणूस मात्र त्या चौकटीपाशी थांबतो, कारण तिथली किंमत बाजारभावापेक्षा कमी दिसते. ती कमी का आहे, याचे उत्तरही बहुधा त्याच चौकटीत असते. पण ते ज्या शब्दांत दिलेले असते ते शब्द रोजच्या वापरातले नसतात. त्यातल्या प्रत्येक शब्दामागे एखादी रक्कम, एखादी मुदत किंवा एखादी जबाबदारी उभी असते, आणि बोली लागल्यानंतर ‘याचा अर्थ मला ठाऊक नव्हता’ असे सांगून त्यातून सुटता येत नाही. म्हणून सूचना हातात घेऊन तिच्यातील शब्द एकेक करून कसे वाचावेत, ते येथे मांडत आहे.

सर्वप्रथम लिलाव कोणत्या कायद्याखाली होत आहे ते पाहावे. बँकांचे बहुतेक ई-लिलाव ‘सरफेसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००२ च्या कायद्याखाली आणि त्याच वर्षीच्या प्रतिभूती हितसंबंध अंमलबजावणी नियमांखाली होतात. दिवाणी न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार या कायद्याने बँकेला दिला आहे. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही, हा महाराष्ट्राच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो लागू असल्याचा निर्णय देऊन या वादावर पडदा टाकला. तरीही सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था नियम १९६१ मधील नियम १०७ खालीही वसुलीचे लिलाव करतात, आणि तिथल्या मुदती व भरण्याच्या रकमा वेगळ्या असतात. सूचनेच्या पहिल्या दोन ओळींत कायद्याचे नाव आणि नियमाचा क्रमांक दिलेला असतो. पुढे दिलेले आकडे सरफेसीचे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

सूचनेतील ‘प्रतिभूत धनको’ म्हणजे कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था, आणि ‘प्राधिकृत अधिकारी’ म्हणजे तिच्या वतीने हा लिलाव करणारा अधिकारी. खरेदीदाराचा सारा पत्रव्यवहार याच अधिकाऱ्याशी होतो, त्यामुळे त्याचे नाव, कार्यालयाचा पत्ता आणि ईमेल टिपून ठेवावा. लिलावाचे संकेतस्थळ चालवणारी कंपनी केवळ यंत्रणा पुरवते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या मालमत्ता आता ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर एकत्र पाहायला मिळतात. खासगी आणि सहकारी बँका वेगवेगळ्या सेवादात्यांची संकेतस्थळे वापरतात.

आता किमतीकडे येऊ. ‘राखीव किंमत’ म्हणजे जिच्याखाली मालमत्ता विकली जाणार नाही ती किंमत. हा शब्द नवा वाटला तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. तहसील कचेरीतील वाळूच्या लिलावात हिलाच ‘हातची किंमत’ म्हणतात, आणि गावच्या लिलावात ‘सरकारी बोली एक वार, दोन वार’ असा पुकारा होतो, तो याच रकमेपासून सुरू होतो. बँकेला ही किंमत मनाने ठरवता येत नाही. मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घेऊनच ती ठरवावी लागते. राखीव किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. पहिल्या लिलावात कोणी आले नाही, तर पुढच्या वेळी ती बरेचदा उतरवली जाते. पहिल्या विक्रीसाठी सूचना आणि लिलाव यांत किमान ३० दिवसांचे अंतर असावे लागते, तर फेरलिलावासाठी १५ दिवस पुरतात. एखाद्या मालमत्तेची सूचना तिसऱ्यांदा छापून आली असेल, तर किंमत उतरल्याचा आनंद मानण्याआधी आधीच्या दोन वेळी लोक का फिरकले नाहीत, याची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

‘इसारा अनामत रक्कम’, म्हणजे बोलीभाषेतली ईएमडी, ही बोलीत भाग घेण्यासाठी आधी भरायची रक्कम. ती साधारणपणे राखीव किमतीच्या १० टक्के असते. सूचनेत दिलेल्या खात्यात किंवा संकेतस्थळावरील आपल्या नावाच्या वॉलेटमध्ये ती ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेपर्यंत जमा झालेली असली पाहिजे. नुसती पाठवलेली असून चालत नाही. बोली न मिळालेल्यांना ही रक्कम परत मिळते, पण तिच्यावर व्याज मिळत नाही. कोणी मध्यस्थ ‘माझ्या खात्यात भरा, मी पुढचे पाहतो’ असे म्हणत असेल, तर तेथेच थांबावे.

‘बोली वाढीचा टप्पा’ म्हणजे आधीच्या बोलीवर किमान किती रक्कम चढवायची तो आकडा. एक उदाहरण घेऊ. समजा, एका फ्लॅटची राखीव किंमत ४०,००,००० रुपये, इसारा ४,००,००० रुपये आणि टप्पा २५,००० रुपये आहे. पुष्कळ सूचनांमध्ये पहिली बोली राखीव किमतीपेक्षा एका टप्प्याने अधिक असावी अशी अट असते. तशी ती असेल, तर बोली ४०,२५,००० पासून सुरू होईल. लिलावाची वेळ सकाळी ११ ते १२ अशी दिलेली असते आणि पुढे लिहिलेले असते, ‘५ मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह’. नवख्या माणसाला हे शब्द फार गुंतागुंतीचे वाटतात, पण यांचा अर्थ सरळ आहे. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली चढवली, की घड्याळ पुन्हा पाच मिनिटे पुढे जाते, आणि पूर्ण पाच मिनिटे कोणीही न बोलेपर्यंत लिलाव चालू राहतो. त्यामुळे शेवटच्या सेकंदाला बोली टाकून इतरांना चकवण्याचा बेत येथे चालत नाही.

पडद्यावर आपल्याला इतरांची नावे दिसत नाहीत; सर्वोच्च बोलीचा आकडा, उतरत जाणारे घड्याळ आणि आपण पुढे आहोत की मागे, एवढेच दिसते. ११ वाजून ५७ मिनिटांनी ४४ लाखांवर थांबलेला आकडा पाहून आपण एक टप्पा चढवतो, मुदत पुन्हा वाढते, दुसरा चढवतो, आणि मग ‘एवढे दिलेच आहेत, तर अजून पंचवीस हजारच’ असे करत माणूस दोन-तीन लाख पुढे गेल्याचे त्याचे त्याला कळत नाही. म्हणून आपली कमाल रक्कम आदल्या रात्री कागदावर लिहून घरातल्यांच्या समोर ठरवावी आणि तो कागद संगणकाशेजारी ठेवावा. टाकलेली बोली मागे घेता येत नाही, आणि आकड्यात एक शून्य अधिक पडले तरी ती आपलीच बोली मानली जाते.

आता वरील फ्लॅट ४६,५०,००० रुपयांना आपल्या नावे झाला असे धरू. आपण ‘एच-वन’, म्हणजे सर्वोच्च बोलीदार ठरलो. नियम ९ प्रमाणे बोलीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. ती येथे ११,६२,५०० रुपये होते. त्यातून भरलेला इसारा वजा केल्यावर ७,६२,५०० रुपये चोवीस तासांच्या आसपास उभे करावे लागतात. उरलेले ३४,८७,५०० रुपये विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत भरायचे असतात. बँकेने लेखी मान्यता दिली तर ही मुदत वाढते, पण ती कोणत्याही परिस्थितीत तीन महिन्यांपलीकडे जात नाही. गृहकर्ज काढून ही रक्कम भरण्याचा विचार असेल, तर कर्जाची तत्त्वतः मंजुरी बोलीच्या आधी हातात हवी, कारण लिलावातील मालमत्तेची कागदपत्रे तपासायला कर्ज देणारी बँक नेहमीपेक्षा अधिक दिवस घेते.

यातच सूचनेतला ‘जप्त’ हा शब्द येतो. ७५ टक्के रक्कम मुदतीत भरली नाही, तर आधी भरलेली रक्कम बँक जप्त करते आणि मालमत्ता पुन्हा विक्रीस काढते. बँकेचे नुकसान झाले नसताना संपूर्ण २५ टक्के जप्त करणे योग्य आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने ही जप्ती कायद्याला धरून असल्याचे सांगितले. आपल्या उदाहरणातील खरेदीदाराचे त्यात ११,६२,५०० रुपये जातील. एवढी रक्कम पणाला लागत असताना ‘बघू, होईल व्यवस्था’ या भरवशावर कोणीही बोली लावू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

विक्रीची किंमत ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदाराला १ टक्का आयकर कापून तो शासनाकडे भरावा लागतो. तो कोणाच्या पॅनवर भरायचा, हे प्राधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी विचारून घ्यावे.

सूचनेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र किमतीविषयीचे नसते. ‘जसे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि तेथे जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री, हे ते वाक्य. वाचायला ते मंत्रासारखे लागते आणि म्हणूनच डोळ्यांखालून निघून जाते. अर्थ असा, की मालमत्ता आज ज्या अवस्थेत, ज्या वादांसह आणि ज्या थकबाकीसह आहे, त्या अवस्थेत ती आपल्याला मिळेल. छत गळत असेल, मोजमाप जाहिरातीपेक्षा कमी भरले, सोसायटीची देखभाल वर्गणी पाच वर्षे थकलेली असेल, तरी बँक तक्रार ऐकून घेईलच असे नाही. वीजबिलाचा मुद्दा तर मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केला आहे : अशा तत्त्वावर झालेल्या लिलावात, वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर, आधीच्या मालकाची थकबाकी नव्या खरेदीदाराकडून मागता येते. म्हणून सोसायटीच्या कार्यालयातून थकबाकीचे पत्र, महानगरपालिकेतून मालमत्ता कराचा उतारा आणि वीजमीटरच्या ग्राहक क्रमांकावरून बिलाची स्थिती, या तीन गोष्टी बोलीपूर्वी मिळवाव्यात आणि त्यांची बेरीज आपल्या कमाल रकमेतून वजा करावी.

‘बोजा’ किंवा ‘भार’ म्हणजे मालमत्तेवरचा दुसऱ्या कोणाचा हक्क. सूचनेत ‘ज्ञात बोजे : काही नाही’ असे छापलेले असते, त्यातला ‘ज्ञात’ हा शब्द ठळक करून वाचावा. बँकेला ठाऊक नाही, एवढेच तो सांगतो. जमिनीच्या सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना, शहरी मिळकतीची मिळकत पत्रिका, नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक २ आणि तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतील, म्हणजे सेरसाईतील शोध, एवढे तरी वकिलाकडून करून घ्यावे. त्याच वकिलाला कर्जवसुली न्यायाधिकरणात काही प्रलंबित आहे का, तेही पाहायला सांगावे. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला तेथे ४५ दिवसांत दाद मागता येते, आणि स्थगिती मिळाली तर आपले पैसे अडकून पडतात.

आता ताब्याविषयी, कारण माझ्या पाहण्यातील सर्वाधिक मनस्ताप येथेच झालेला आहे. सूचनेत ‘प्रत्यक्ष ताबा’ किंवा ‘सांकेतिक ताबा’ यांपैकी एक शब्द असतो. प्रत्यक्ष ताबा म्हणजे घराला बँकेचे कुलूप आहे. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे, वर्तमानपत्रात ती छापली आहे, पण आत कर्जदाराचे कुटुंब किंवा भाडेकरू राहत आहे. सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून बँकेला प्रत्यक्ष ताबा मिळवता येतो, परंतु त्याला लागणारा वेळ खरेदीदाराच्या हातात नसतो. माझ्या परिचयातील एका शिक्षक दांपत्याने सांकेतिक ताब्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट स्वस्तात मिळतो म्हणून घेतला. पूर्ण रक्कम भरली, विक्री प्रमाणपत्र हाती आले, आणि त्यानंतर चौदा महिने ते कर्जाचा हप्ता आणि राहत्या घराचे भाडे असे दोन्ही भरत राहिले. दर महिन्याला बँकेत फेरी घालायची आणि ‘पोलीस बंदोबस्ताची तारीख मिळाली, की कळवतो’ हे उत्तर घेऊन परतायचे. घर मिळाले, पण जे स्वस्त म्हणून घेतले त्यातला स्वस्तपणा त्या चौदा महिन्यांत संपून गेला होता. सांकेतिक ताब्याची मालमत्ता घेऊच नये असे मी म्हणत नाही. कलम १४ चा आदेश झाला आहे का, हे विचारावे, झाला असल्यास त्याची प्रत पाहावी, आणि किमान एका वर्षाचे भाडे किमतीत धरून मगच आकडा ठरवावा.

‘तपासणीची तारीख’ याच कारणासाठी दिलेली असते. त्या दिवशी स्वतः जावे, दार उघडले नाही तरी जिन्यातून, गच्चीवरून इमारत पाहावी आणि शेजाऱ्यांशी शांतपणे बोलावे.

कर्जदाराच्या बाजूचाही एक शब्द समजून घ्यायला हवा : ‘विमोचनाचा हक्क’, म्हणजे थकबाकी भरून गहाण सोडवून घेण्याचा हक्क. २०१६ च्या दुरुस्तीनंतर आणि सप्टेंबर २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की हा हक्क संपतो. ज्यांच्या घरावर असा प्रसंग आला आहे त्यांनी ६० दिवसांच्या मागणी नोटिशीलाच हालचाल करावी. विक्री सूचना छापून आल्यावर धावपळ करून फार काही हाती लागत नाही. विक्रीतून बँकेचे येणे आणि खर्च भागून रक्कम उरली, तर ती मिळण्याचा हक्क मात्र त्यांचा असतो, आणि तिचा हिशेब त्यांनी लेखी मागावा.

पूर्ण रक्कम भरल्यावर प्राधिकृत अधिकारी ‘विक्री प्रमाणपत्र’ देतो. हाच खरेदीदाराचा मालकीचा मूळ कागद. ज्याच्या नावाने बोली लावली त्याच्याच नावाने तो निघतो, म्हणून पती-पत्नी दोघांची नावे हवी असतील तर संकेतस्थळावर नोंदणी करतानाच ती द्यावीत. प्रमाणपत्र हातात घेताना फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि नावांचे अक्षरन् अक्षर तेथेच बसून तपासावे, कारण मुद्रांक शुल्क भरून झाल्यावर चूक दुरुस्त करून घेणे फार किचकट होते. मूळ कर्जदाराची तारण ठेवलेली कागदपत्रे, ताबा पावती आणि सेरसाईतील बोजा कमी केल्याची नोंद बँकेकडून त्याच वेळी मागून घ्यावी, आणि मग सोसायटीकडे भागपत्राच्या हस्तांतरणाचा तसेच मिळकत पत्रिकेवर नाव लावण्याचा अर्ज करावा.